घाटात गाडी तापली, मेकॅनिक म्हणतो हेड खोलायचं. खोलू देऊ का?

सासरेबुवा

नमस्कार मंडळी. वाचतो नेहमी. लिहितोय पहिल्यांदाच, तेही अडकलो म्हणून.

गाडी 2.8 लिटर टर्बो डिझेल, फोर बाय फोर, मीटरवर 2,63,000 किमी. सामान, पाणी आणि दोन माणसं धरून वजन तीन टनांच्या आसपास. प्रवासाचा आज 45वा दिवस, त्यातले शेवटचे तीन एका गॅरेजच्या दारात गेले. सोबत जावई. मी 61चा, ते 33चे. निघताना मुलगी म्हणाली होती, "बाबा, तुम्हा दोघांना एकमेकांशी भांडायची सवय नाही. कसं व्हायचं?" तेव्हा मी हसलो होतो.

झालं असं. 31 किलोमीटरचा चढ, वर 4,100 मीटरवर खिंड. खडीचा रस्ता, गाडी दुसऱ्या गिअरात, वेग वीस-पंचवीस, वारा पाठीमागून. चालवत होते जावईबापू. तापमानाचा काटा एरवी अर्ध्याच्या किंचित खाली असतो, तो पाऊणवर गेलेला मला दिसला. मी बोललो नाही. जावयाच्या ड्रायव्हिंगमध्ये तोंड घालण्याचा माझा त्या दिवसाचा कोटा सकाळीच संपला होता. तीन-चार मिनिटं गेली असतील. काटा लालच्या कडेला आणि बोनेटमधून वाफ. त्यांनी लगेच इंजिन बंद केलं.

बरंच कूलंट बाहेर ओसंडलं होतं. दीड तास थांबलो, रेडिएटरचं झाकण फडक्यात धरून उघडलं आणि पिण्याच्या पाण्यातलं 4 लिटर ओतलं. 12 किलोमीटर गेलो, पुन्हा तेच. मग एका ट्रकने दोरीने 38 किलोमीटर ओढत खाली आणलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला बूस्टर नाही, स्टिअरिंगला पॉवर नाही. स्टिअरिंगवर मी होतो. माझे हात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थरथरत होते.

इथल्या मेकॅनिकने झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केली, बुडबुडे दाखवले आणि म्हणाला, "हेड गॅस्केट." मला त्याची भाषा येत नाही, पण एवढे दोन शब्द कळले. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलायचं, त्याच्या खालची पट्टी म्हणजे गॅस्केट बाहेरून मागवायची, आठ-दहा दिवस लागतील. गाडी तात्पुरती आणल्याचा कस्टम्सचा कागद 16 दिवसांत संपतो. जावईबापू म्हणतात, खोलू द्या, दुसरा मार्ग काय आहे? मला वाटतं घाई होतेय. पण मी आयुष्यभर हिशेब तपासले. डिपस्टिकपलीकडे इंजिनातलं मला कळत नाही. डिपस्टिकवर तेल काळंच आहे, दुधाळ नाही. धूरही नेहमीसारखाच वाटला.

हेड खोलण्याआधी, जवळ फारशी हत्यारं नसताना, आणखी काय बघता येईल?

आणि आणखी एक. तीन दिवस एका खोलीत आम्ही इतके सभ्यपणे वागतोय की जीव गुदमरतोय. लोक अशा वेळी काय करतात?

जुना पाना

हेड उद्या खोलू नका. गॅस्केट गेली असेल तर ती चार दिवसांनीही गेलेलीच असेल. गाडी मात्र तोवर प्रवासाला काढू नका.

बुडबुड्यांवर माझा विश्वास नाही. तुम्ही 4 लिटर घाईत ओतलंत, म्हणजे आत हवा कोंडली असणारच, आणि ती निघतानाही बुडबुडेच दिसतात. फरक इतकाच की हवेचे बुडबुडे थोड्या वेळाने संपतात. गॅस्केटचे संपत नाहीत, आणि रेस केली की वाढतात. म्हणून आधी हवा काढा. इंजिन थंड, गाडीचं नाक चढाकडे, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. सुरू करा, पातळी उतरेल तसं भरत राहा, रेडिएटरची वरची होज (रबरी नळी) हाताने दाबत राहा. पंख्यापासून बाह्या सांभाळा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, उघडला की पातळी एकदम खाली जाईल. पुन्हा भरा, झाकण लावा, थोडं फिरवून आणा आणि रात्रभर तशीच ठेवा.

सकाळी झाकणाला हात न लावता वरची होज दाबा. थंड इंजिनात ती टणक लागली तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. मऊ असेल तर झाकण काढून तोंडावर पातळ रबरी हातमोजा घट्ट बांधा आणि गाडी सुरू करा. मिनिटभरात मोजा ताठ फुगला तर तुमचा मेकॅनिक बरोबर आणि मी चूक. पाणी तापेल तसा तो हळूहळू थोडा उचलला जाईल, त्याला घाबरू नका.

यात पास झालात तर दोष इंजिनाबाहेर आहे. माझा पहिला संशय रेडिएटरच्या झाकणावर. लोक त्याला नुसतं झाकण समजतात. तो प्रेशरचा व्हॉल्व्ह आहे. 4,100 मीटरवर उघड्या भांड्यात पाणी साधारण 86 अंशांना उकळतं. तुमचा थर्मोस्टॅटच 82 किंवा 88ला उघडत असेल. म्हणजे झाकणाचं रबर गेलं असेल तर त्या उंचीवर इंजिन नुसतं नेहमीच्या तापमानाला आलं तरी पाणी उकळायला लागणार. तेच झाकण 1.1 बार धरत असेल तर तिथेही पाण्याला जवळपास 115पर्यंत उकळी फुटत नाही. खाली सपाटीवर असं झाकण महिनोन्महिने कुणाला कळत नाही, घाटात कळतं.

दुसरा संशय रेडिएटरच्या जाळीवर. नद्या ओलांडल्यात का? नाकाला ताडपत्री बांधून? एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते. तिथे गाळ बसला की पुढून बघणाऱ्याला जाळी चकचकीत दिसते. मागून टॉर्च मारा आणि पुढून बघा, उजेड कुठे अडतो ते.

तिसरा पंखा. तुमचा व्हिस्कस असणार, म्हणजे हबमधल्या घट्ट तेलाच्या पकडीने फिरणारा. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा, चटके सांभाळून. जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा गरगरत राहिला तर हबमधलं सिलिकॉन तेल गेलं. दुसऱ्या गिअरात, पाठीवर वारा घेऊन चढताना जाळीतून जेवढी हवा येते ती पंख्याचीच. तेव्हा तो आजारी असून चालत नाही.

थर्मोस्टॅट पातेल्यात गरम पाण्यात टाकून बघतात, तोही बघा. पण त्याच्यावर 88 छापलं असेल आणि तुम्ही अजून उंचावरच असाल तर पातेल्यातलं पाणी 88ला पोचणारच नाही, आणि चांगला थर्मोस्टॅट नापास कराल. हे मी स्वतः केलेलं आहे. त्याची किंमत सांगणार नाही.

आणि पुन्हा कधी मेलेल्या इंजिनाने दोरीवर डोंगर उतरू नका. ट्रकवर चढवा, नाहीतर लोखंडी दांड्याने ओढा.

वाटसरू

एवढं कशाला? थर्मोस्टॅट काढून फेका आणि निघा. मी सहा महिने तसाच फिरलो.

जुना पाना

वाटसरू, तुझ्या इंजिनात चाललं असेल. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालची चकती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ते भोक कायमचं उघडं राहतं आणि पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत बसतं. मग गाडी आणखी तापते आणि माणूस वॉटर पंप बदलत बसतो.

तंबूतली

काका, इंजिनाचं पाना बघतील. मी कागदाचं बोलते, कारण माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला तेव्हा खरी अडकले ती कागदामुळे. मी ठरवलं होतं, गाडी इथेच ठेवायची, विमानाने घरी जायचं आणि पार्ट घेऊन परत यायचं. विमानतळावर अडवलं. येताना सीमेवर गाडी माझ्या पासपोर्टवर नोंदली होती, आणि त्या देशात गाडीशिवाय मला बाहेर पडता येत नव्हतं. तुमच्यापैकी कुणाच्या पासपोर्टवर गाडी आहे ते आजच बघा. ज्याच्या नावावर असेल त्याने "मी पुढे होतो" म्हणायचं नाही.

मुदतवाढ कागद जिवंत असतानाच मागायची. संपल्यावर गेलात की तुम्ही अडचणीतले प्रवासी राहत नाही, नियम मोडलेले होता. गॅरेजकडून सहीशिक्क्याचं पत्र घ्या: गाडीचा नंबर, चासी नंबर, कधी आली, काय बिघडलंय, किती दिवस लागतील. ट्रकवाल्याने काही चिठ्ठी दिली असेल तर ती जोडा. काटा लालवर असतानाचा फोटो असेल तर तोही. कार्नेवर (गाडी तात्पुरती परदेशात नेण्यासाठी क्लब देतो तो हमीचा कागद) आला असाल तर ज्या क्लबने ते दिलं त्यांना लगेच कळवा. गाडी वेळेत बाहेर गेली नाही तर ड्युटीची मागणी त्यांच्यामार्फत तुमच्यावर येते, आणि गाडी बंद पडली होती एवढ्याने ती टळत नाही. व्हिसाची मुदत वेगळी मोजा. कागदाच्या आणि व्हिसाच्या तारखा एक नसतात, मी त्यातही एकदा फसले आहे.

समजा गॅस्केट मागवावीच लागली. डिझेलमध्ये एकाच इंजिनाला दोन-तीन जाडीच्या गॅस्केट असतात. जुनीच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, ती मोजून तेवढ्याच जाडीची मागवा. त्यासाठी आधी हेड खोलावं लागतं, म्हणजे गाडी उघडी पडून राहणार हे धरून चाला. हेडचे बोल्ट ताणून बसणारे असतील तर तेही नवे. इंजिन नंबर आणि चासी नंबर तोंडी सांगू नका, प्लेटचा फोटो पाठवा.

एक घाईचं. रात्री किती थंडी पडते? समजा तुमच्या गाडीत 10 लिटर कूलंट होतं, अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल. त्यातलं 4 लिटर जाऊन साधं पाणी आलं तर ग्लायकॉल उरलं 30 टक्के. ते उणे 15च्या आसपास गोठायला लागतं, आधी उणे पस्तीसपर्यंत चाललं असतं. तुम्ही दोनदा ओतलं असेल तर आणखी पातळ. हवा काढताना साधं पाणी नका भरू. गॅस्केट वाचवून ब्लॉक फुटायचा.

सभ्यपणाचं. माझा नवरा आणि मी एक नियम केलाय. जो चालवत नाही त्याने दर अर्ध्या तासाने काटे मोठ्याने वाचायचे. तापमान, तेल, व्होल्ट. बातम्या वाचतात तसे, आवाजात काही न आणता. पहिले दोन दिवस आम्हाला हसू यायचं.

सासरेबुवा

चार दिवसांनी लिहितोय. हेड खोललेलं नाही.

मेकॅनिक आधी रुसला. साहजिक आहे, त्याचं निदान झालं होतं आणि एक म्हातारा फोनवर वाचून त्याला उलटतपासणी करतोय. जावईबापूंनी तोड काढली. त्यांनी थर्मोस्टॅट काढून आमच्या स्टोव्हवर पातेल्यात टाकला, त्यावर 82 छापलेलं होतं, आणि थर्मामीटर मेकॅनिकच्या हातात दिला. 83ला तोंड उघडायला लागलं. तो पोरासारखा वाकून बघत राहिला. तिथून तो आमच्या बाजूने आला. (आता आम्ही बरेच खाली आहोत, म्हणून जमलं. पाना, तुमचं वाचलं नसतं तर कळलंही नसतं की हे नशीब आहे.)

हवा काढायला दोन संध्याकाळी गेल्या. कूलंट विकत घेऊनच भरलं. तंबूतली, तुमचं गणित मी कागदावर करून पाहिलं आणि रात्री झोपलो नाही, कारण आम्ही खरंच दोनदा ओतलं होतं.

तिसऱ्या सकाळी होज मऊ होती. मग हातमोजा. गाडी सुरू केली, आम्ही तिघं त्या मोज्याकडे बघत उभे. पाचही बोटं खाली लोंबकळत. मिनिट झालं, दोन झाली. पाचव्या मिनिटाला मोजा जरासा उचलला गेला, एखादा कंटाळलेला माणूस लांबून हात हलवतो तेवढाच. मेकॅनिकने स्वतःच रेस करून पाहिलं. मोज्याला काही फरक नाही. तो हसला आणि जाऊन टॉर्च घेऊन आला.

जाळीचा खालचा तिसरा भाग पूर्ण आंधळा. रेडिएटर उतरवला. मधल्या फटीत गाळ इतका घट्ट बसला होता की त्यावर जाळीचा ठसा उमटला होता. नद्या ओलांडताना ताडपत्री मीच बांधली होती, आणि मोठ्या अभिमानाने. पलीकडे गेल्यावर ती सोडायला आम्ही विसरलो नाही, पण जाळी धुवायची असते हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. साध्या पाइपने, मागून पुढे, हलक्या धारेने धुतलं. मेकॅनिकने जोराचा पंप वापरू दिला नाही, पात्या वाकतात म्हणून. दोन तास माती निघत होती.

आता झाकणाचं. मी ते उलटं करून रबर बघत होतो. चीर होती, नखाने उघडता येईल एवढी. जावईबापू शेजारी उभे होते. म्हणाले, "बाबा, हे मला 30व्या दिवशी दिसलं होतं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"झाकण तुम्ही आणलेलं. निघायच्या आदल्या दिवशी नवं म्हणून बसवलंत."

खरं आहे. स्वस्त होतं म्हणून दोन दुकानं फिरून मीच आणलं होतं. मूळचं चांगलं झाकण काढून. मग मीही सांगितलं की काटा पाऊणवर गेलेला मला आधीच दिसला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "तीन-चार मिनिटं? बाबा, तीन-चार मिनिटं!" मीही चढवला. त्या चिरेवरून, ताडपत्रीवरून, आणि मग 20व्या दिवशी त्यांनी चुकीचा फाटा घेतला होता त्यावरून, असं अर्धा तास चाललं. मेकॅनिक पाना हातात धरून एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. खोलीवर गेल्यावर मला सात दिवसांत पहिल्यांदा झोप लागली.

दुसरं झाकण त्याने एका मोडीत निघालेल्या गाडीवरून काढून दिलं, 1.1 छापलेलं, रबर शाबूत. आमच्या स्पेअरच्या पेटीत दोन फिल्टर, दोन बेल्ट, होजचा संच, बेअरिंग एवढं सगळं आहे. झाकण नव्हतं.

पंखाही आजारीच निघाला. गरम असताना हाताने ढकलला तर अडीच फेरे फिरतो. हब इथे मिळत नाही. मेकॅनिक म्हणतो स्क्रू मारून कायमचा जोडून देतो. देऊ का?

कागदाचं: गाडी माझ्या पासपोर्टवर आहे. गॅरेजचं पत्र घेऊन गेलो, 15 दिवस वाढवून मिळाले.

जुना पाना

स्क्रू आत्ता नको. जोडलेला पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो. मोकळ्या रस्त्यावर जोरात पळवलीत तर पाती तुटून रेडिएटरमध्येच शिरायची. हब मागवा, पुढच्या मोठ्या गावी पाठवायला सांगा. तोवर चढ पहाटे थंडीत करा, वारा पाठीवर असेल तर थांबा, एसी बंद. काटा हलला की लगेच खालचा गिअर घ्या म्हणजे पंखा आणि पंप वेगाने फिरतील, हीटर पूर्ण उघडा, खिडक्या खाली. कूलंट आत आहे तोवर उभं राहूनही इंजिन चालू ठेवा, थोडी रेस देऊन. वाफ दिसली किंवा पातळीच राहिली नाही तर मात्र ताबडतोब बंद. त्या दिवशी जावयांनी बंद केलं ते वाफ दिसल्यावर, म्हणजे चूक केली नाही. त्यांना सांगा.

आणि एकदा तापलेल्या हेडवर लगेच विश्वास ठेवू नका. 500 किलोमीटर रोज सकाळी होज दाबायची आणि पातळी बघायची.

तंबूतली

15 दिवस मिळाल्याचा शिक्का मूळ कागदावर घेतलात ना? वेगळ्या चिठ्ठीवर असेल तर सीमेवरचा माणूस ती बघेलच असं नाही.

सासरेबुवा

चिठ्ठीच होती. आज परत जाऊन मूळ कागदावर शिक्का घेतला. आभारी आहे.

पाना, तुमचं वाक्य जावईबापूंना वाचून दाखवलं. "पुन्हा वाचा" म्हणाले.

काल 45 किलोमीटरचा चढ पहाटे पाचला सुरू केला. काटा अर्ध्यावर गेला, एकदा थोडा वर, खालच्या गिअरात परत आला. सकाळी होज मऊ, पातळी बोटभरही उतरलेली नाही. हब पाच दिवसांनी पुढच्या शहरात येतोय. काट्याच्या काचेवर जावईबापूंनी पेनाने एक रेघ मारली आहे. काटा तिथे पोचला की जो चालवत नाही त्याने "रेघ" म्हणायचं, आणि जो चालवतोय त्याने काही न विचारता गाडी बाजूला घ्यायची. काल मी एकदा म्हणालो. काटा रेघेच्या अलीकडेच होता, मला चष्म्यातून नीट दिसलं नाही. तरी त्यांनी घेतली.

ही काचेवरची शाई उन्हात किती दिवस टिकते, कुणी सांगेल का?